न बनलेल्या गाडीची मागची बाजू

नेदरलँड्सला जाऊन आलो म्हटलं की लोक आधी पवनचक्क्यांचे फोटो मागतात. आमच्याकडे पवनचक्कीचा एकच फोटो आहे, तोही चालत्या गाडीतून काढलेला, आणि त्यात पात्यांपेक्षा आमच्या मुलीचा कान जास्त दिसतो. बाकी सगळे फोटो एका मोटारीच्या पार्श्वभागाचे आहेत. सोसायटीतल्या शेजारणीने ते एकेक करून सगळे बघितले आणि शेवटी भीत भीत विचारलं, "पुढून कशी आहे हो?" तिला तोंडी सांगायला एक अख्खी दुपार लागली. म्हणून आता लिहूनच काढते.

चिंचवड

आमचे हे चौतीस वर्षं एका फाउंड्रीत पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा एखादा भाग ओतायचा तर आधी तो हुबेहूब लाकडात करावा लागतो, मग त्याचा वाळूत ठसा घेतात आणि त्या ठशात लोखंड ओततात. लोखंडाचा भाग जगभर फिरतो, लाकडाचा कपाटात जातो. म्हणजे ह्यांनी जन्मभर जे जे केलं ते कपाटात गेलं. त्यामुळे असेल, पण जी गाडी कधी रस्त्यावर आलीच नाही अशा गाडीवर ह्यांचा जीव जडला.

कॉर्व्हेट नावाची एक अमेरिकन स्पोर्ट्स कार आहे. दोघांपुरती, लांब नाकाची, बसायला खाली वाकावं लागतं आणि उठायला देवाचं नाव घ्यावं लागतं. रस्त्यावर जी एक कॉर्व्हेट दिसते तिच्यामागे न बनलेल्या कितीतरी असतात, हे मला लग्नानंतर कळलं. तिथले डिझायनर वर्षानुवर्षं एंजिन पुढून उचलून सीटच्या मागे नेऊन बघत होते. मातीची मॉडेलं करायचे, प्रदर्शनात मांडायचे, लोक टाळ्या वाजवायचे आणि साहेब लोक नाही म्हणायचे. असं जवळजवळ साठ वर्षं चाललं, मग कुठे एंजिन मागे गेलं. आमच्याकडे बाथरूममधला गीझर या भिंतीवरून त्या भिंतीवर न्यायला नऊ वर्षं लागली, तेव्हा ह्यांनी मला हाच दाखला दिला होता.

ह्यांना रद्दीवाल्याकडे एका जुन्या अमेरिकन मासिकात अशाच एका न बनलेल्या कॉर्व्हेटचे तीन फोटो सापडले. तिन्ही पुढून. रिटायर झाल्यावर त्या तीन फोटोंवरून ह्यांनी सागवानात दोन वितींची गाडी करायला घेतली. पुढचा भाग दोन वर्षांत झाला. मागचा भाग कसा असेल ते फक्त अंदाजाने करायचं होतं, आणि त्यात नऊ वर्षं गेली. "पुढचं बघून मागचं ओळखता आलं पाहिजे," असं हे म्हणायचे, "नाहीतर चौतीस वर्षं काय लाकडं फोडली?" दर रविवारी ती गाडी माझ्यासमोर यायची, मी भाजी निवडता निवडता "छान झालीय" म्हणायचे आणि ती परत आत जायची.

आमची मुलगी केतकी नेदरलँड्समध्ये आल्मेरेला असते. तिने सहज म्हणून बाबांच्या मॉडेलचा फोटो इंटरनेटवरच्या मोटारवेड्यांच्या एका गटात टाकला. दोन दिवसांत सत्तरएक लोकांनी वा वा केलं. एकाने लिहिलं, "ही गाडी माझ्याकडे आहे. पूर्ण आकाराची. तुमचे आरसे चुकलेत." हा माणूस केतकीच्या घरापासून अर्ध्या तासावर राहत होता. नाव वाउट. केतकीने मागच्या बाजूचा फोटो मागितला तर म्हणाला, मागचा फोटो मी कुणाला देत नाही. यायचं असेल तर तीन आठवड्यांनी, गुरुवारी, दहा ते साडेअकरा.

मुलीकडे जायचं म्हणून आमचा व्हिसा आधीच काढलेला होता, तिकिटं तेवढी अलीकडे ओढून घेतली. अकरा वर्षांच्या अंदाजाचा निकाल लागणार होता. ह्यांची झोप उडाली आणि पर्यायाने माझी.

विमानतळ

गाडी माझ्या तीन जुन्या सुती साड्यांत गुंडाळून हातातल्या बॅगेत घेतली होती. तपासणीच्या यंत्रात काय दिसलं कोण जाणे, पण अधिकाऱ्याने बॅग बाजूला काढली आणि विचारलं, "ये क्या है?"

"प्रोटोटाइप," हे छाती काढून म्हणाले.

अधिकाऱ्याने दुसऱ्या अधिकाऱ्याला हाक मारली. दुसऱ्याने तिसऱ्याला. प्रकरण हाताबाहेर जातंय असं बघून मी पुढे झाले आणि म्हटलं, "खिलौना है जी, नाती के लिए." लगेच सोडलं. आम्हाला नात नाही, पण खोटं बोलल्याचा राग ह्यांना नव्हता. राग होता तो खेळणं म्हटल्याचा. अख्ख्या प्रवासात हे माझ्याशी फक्त दोनदा बोलले, दोन्ही वेळा खिडकीच्या बाजूला जायला म्हणून.

आल्मेरे, पहिले चार दिवस

हे गाव समुद्राच्या तळावर आहे. अतिशयोक्ती नाही, इथे पाणी होतं, ते उपसलं आणि त्यावर गाव बांधलं. गाव माझ्याहून वयाने लहान आहे. सगळं सरळ, सपाट आणि मोजून मापून. केतकी आणि जावई रोज सकाळी सायकलने स्टेशनवर जातात आणि ट्रेनने अ‍ॅमस्टरडॅमला. तिच्या गल्लीत टेकडी म्हणाल तर वेग कमी करायला घातलेला उंचवटा.

दुपारच्या जेवणाला इथले लोक ब्रेड खातात. ब्रेडवर लोणी आणि लोण्यावर चॉकलेटचे दाणे, आपण पोह्यांवर शेव घालतो तसे. मोठी, टाय लावलेली माणसं हे खातात. मी पहिल्या दिवशी नाकं मुरडली आणि तिसऱ्या दिवशी डबा संपवला.

शेजारच्या बाईंना मी डबाभर चिवडा द्यायला गेले तर त्यांनी दारातच डायरी उघडली आणि पुढच्या बुधवारी चारला चहाला या म्हणाल्या. डबा घेतला, पण मला आत घेतलं नाही. मी चिडून घरी आले. केतकी म्हणाली, "आई, त्यांनी तुला बुधवार दिला. मला दोन वर्षांनी दिला होता."

ह्यांचं मात्र वेगळंच सुरू होतं. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये हे प्रत्येक गाडीच्या मागे जाऊन उकिडवे बसायचे आणि दिव्यांवरून हात फिरवायचे. परीक्षेच्या आदल्या दिवशी पोरं पुस्तक चाळतात त्यातला प्रकार. एक उंच बाई ट्रॉली घेऊन आल्या आणि सरळ विचारत्या झाल्या, "तुम्ही माझ्या गाडीमागे काय करताय?" आपल्याकडे असं कुणी विचारत नाही, दहा जण जमतात आणि आपापसात ठरवतात. हे उठून म्हणाले, "युवर बॅक साइड इज व्हेरी गुड." केतकीने पुढची पाच मिनिटं डचमध्ये जे काही सांगितलं ते मी विचारलं नाही.

रात्री जेवताना ह्यांनी आम्हाला त्या माशाची गोष्ट सांगितली, शंभराव्यांदा. कॉर्व्हेटच्या डिझायनर साहेबाने म्हणे एक शार्क मासा पकडून ऑफिसात टांगला होता आणि रंगाऱ्यांना हुकूम सोडला की प्रोटोटाइपला असाच रंग द्या, वर निळा, खाली पांढरा होत गेलेला. रंगाऱ्यांनी चार-पाचदा रंग दिला, साहेबाला पटेना. शेवटी त्यांनी गुपचूप मासा खाली काढला आणि गाडीला होता तोच रंग माशाला दिला. साहेब खूश. खरी की खोटी कुणास ठाऊक, पण सांगताना ह्यांच्या डोळ्यांत पाणी येतं.

"बाबा, तुमचं मागचं चुकलं असलं तर?" केतकीने हळूच विचारलं.

"तर चुकलं," हे म्हणाले आणि भात न घेताच उठले.

गुरुवार, दहा वाजता

गुरुवारी नेमका दसरा होता. केतकीने आदल्या दिवशीच मला बजावलं होतं, "आई, त्यांच्या गाडीवर स्वस्तिक काढायचं नाही. इथे त्याचा अर्थ फार वाईट आहे. नारळही फोडायचा नाही." मी कबूल केलं. हळदीकुंकवाबद्दल ती काही बोलली नव्हती.

वाउटची शेड बटाट्याच्या शेतांच्या मधोमध होती. आम्ही दहाला सात मिनिटं असताना पोचलो तर तो दारात उभा राहून घड्याळ बघत होता. आम्ही गाडीतच बसून राहिलो. दहा वाजता त्याने हात केला. सत्तरीचा, बांबूसारखा माणूस, कानामागे सुताराची पेन्सिल. आयुष्यभर बोटींचे साचे केलेले. ह्यांनी त्याचे हात बघितले, त्याने ह्यांचे बघितले, आणि ओळख तिथेच झाली. आम्ही दोघी उगाचच नावं सांगत होतो.

आत गाडी उभी होती. खरं सांगते, मला ती बघून थोडं फसवल्यासारखं झालं. एवढ्या लांब येऊन जिचं दार उघडत नाही, जिला एंजिन नाही, सीट नाही, स्टिअरिंग नाही अशी गाडी. लाकडी सांगाड्यावर फायबरचं कवच, वर रंगाआधी देतात त्या राखाडी प्रायमरचा हात, खाली चार चाकं आणि खिडक्यांच्या जागी काळा रंग. ही अमेरिकेतल्या स्टुडिओतूनच आली की नंतर कुणी केली याबद्दल जाणकारांत वाद आहेत, असं वाउटने आपण होऊनच सांगितलं. पण पुढून ती हुबेहूब ह्यांच्या तीन फोटोंसारखी होती. हे तिच्याभोवती फिरायला लागले आणि मधेच थांबले. गाडी भिंतीला पाठ लावून उभी होती. मधे जेमतेम हातभर फट.

"मागून बघू?" ह्यांनी विचारलं.

"नाही," वाउट म्हणाला. "पुढे गाडी आहे. मागे नुसतं भांडण आहे. मी ते कुणाला दाखवत नाही."

आपल्याकडे कुणाला नाही म्हणायचं तर आधी चहा देतात. वाउटने नाही म्हणून टाकलं आणि मग कॉफी आणायला गेला. हे खुर्चीवर बसले. बॅग मांडीवर, बॅगेत साड्या, साड्यांत अकरा वर्षं. इतका पडलेला चेहरा मी ह्यांच्या निरोप समारंभातही बघितला नव्हता, आणि तिथे तर ह्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं होतं.

मला राहवलं नाही. दसऱ्याच्या दिवशी समोर वाहन आहे आणि आपण हातावर हात ठेवून बसलोय, हे काही बरं नाही. पर्समध्ये करंडा होता, एक लिंबूही होतं. कॉफी येईपर्यंत मी पाण्याच्या बाटलीतलं थोडं पाणी घेऊन गाडीच्या नाकावर हळदीची आणि कुंकवाची पाच-पाच बोटं ओढली आणि पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं. गाडीला डोळे मिटून नमस्कार केला आणि जमलं तर पाठ दाखव म्हटलं.

"आई," केतकी म्हणाली. फक्त एवढंच.

वाउट ट्रे घेऊन दारात उभा होता. चार कप, चार बिस्किटं. त्याने ट्रे खाली ठेवला आणि गाडीच्या नाकाजवळ जाऊन वाकला.

"हे निघतं का?"

"निघतं निघतं," मी म्हटलं आणि पदराने पुसलं. प्रायमरने कुंकू कधीच पिऊन टाकलं होतं. पुसल्यावर दहा रेघांचा एक मोठा डाग झाला. केतकी डचमध्ये माफी मागत सुटली. मी माझ्या इंग्रजीत सांगितलं की टुडे इज फेस्टिव्हल, ऑल मशीन्स आर गॉड. वाउटने ते शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे मशीन नाही. यात काहीच नाही." मग डागाकडे बघून म्हणाला, "नळ बाहेर आहे. सुकायच्या आत गाडी बाहेर घ्यायला हवी. सगळ्यांनी चला."

वाउट आणि केतकीने पुढे दोर बांधून ओढायचं, मी बाजूने आणि ह्यांनी मागून ढकलायचं ठरलं, कारण त्या हातभर फटीत फक्त हेच मावणार होते. हे पोट आत घेऊन, भिंतीला घासत आत शिरले. वाउटने एक-दोन-तीन म्हटलं. पहिल्याच धक्क्याला चाक लिंबावरून गेलं.

"काय फुटलं?" वाउट दचकला.

"लिंबू. फुटायलाच ठेवलं होतं," मी सांगितलं. "आता ती चांगली चालेल."

"तिला एंजिन नाही," वाउट म्हणाला.

आम्ही तिघांनी घामाघूम होऊन गाडी दाराबाहेर उन्हात काढली. मला वाटत होतं, मागून जोर कसा लागत नाही. वळून बघितलं तर हे तिथेच भिंतीपाशी उभे. ढकललंच नव्हतं. दोन्ही हात पुढे धरलेले, तोंड उघडं आणि नजर गाडीच्या पाठीवर.

मीही मागे गेले. गाडीला दोन पाठी होत्या. मधोमध एक उभी रेघ. रेघेच्या डावीकडे गोल, उतरती पाठ आणि तीन गोल दिवे. उजवीकडे सुरीने कापल्यासारखी सरळ पाठ आणि एक लांब चिरेसारखा दिवा. जणू दोन जावांनी एकाच पातेल्यात आपापली भाजी केली होती.

आता बघितलंच आहे तर फोटोही काढा, म्हणत वाउटने नाक धुता धुता खुलासा केला. स्टुडिओत म्हणे माती वाचवायला आणि साहेबाला निवडायला सोपं जावं म्हणून एकाच मॉडेलवर दोन डिझायनर काम करायचे. अर्धी बाजू याची, अर्धी त्याची. रेघेवर आरसा धरला की अर्ध्याची पूर्ण गाडी दिसायची. मग साहेब यायचा आणि एक बाजू खरवडायला सांगायचा. या गाडीच्या वेळी साहेब यायच्या आधीच सगळं काम बंद झालं.

"म्हणजे मागचं ठरलंच नाही?" ह्यांनी विचारलं.

"कधीच नाही."

अकरा वर्षं हे ज्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते, त्याचं उत्तर अमेरिकेतही कुणाकडे नव्हतं. नाकावर पाणी चालेना म्हणून मी दरम्यान तेच लिंबू चोळलं. कुंकू शेवटी हळदीचंच, लाल डाग झरझर पिवळा झाला. वाउट म्हणाला, "आता पिवळा आहे." मी म्हटलं, "हळूहळू जाईल." त्याने नळ अजून मोठा केला.

ह्यांनी बॅग उघडली, साड्या सोडल्या आणि आपली गाडी एका उलट्या बादलीवर मागची बाजू पुढे करून ठेवली. वाउट हात पुसत आला. गुडघ्यांवर बसला. चष्मा चढवला, काढला, परत चढवला. बोट न लावता बाजूने बघितलं, खालून बघितलं, एक डोळा मिटून बघितलं. आमची कॉफी आत थंड होत होती. मग तो केतकीकडे वळून डचमध्ये बोलायला लागला आणि बोलतच राहिला.

"ते म्हणतात, फार सुंदर आहे," केतकी म्हणाली.

"एवढा वेळ तो एवढंच म्हणाला?" ह्यांनी विचारलं. "खरं सांग."

केतकीने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, नको म्हणून. हे तिच्याकडेच बघत राहिले.

"ते म्हणतात, ही डावीसारखी नाही आणि उजवीसारखीपण नाही. छताचा उतार या दोन्हींपेक्षा चांगला उतरलाय. मागच्या चाकावरचा फुगवटा कसा केला ते त्यांना कळत नाहीये, ते त्यांना शिकायचंय. पण दिवे चुकलेत. जवळ आलेत. म्हणतात, हात फार चांगला आहे आणि दिवे वाईट आहेत. सॉरी, बाबा."

मला वाउटचा असा संताप आला. माणूस सातासमुद्रापलीकडून येतो, आणि तू त्याला त्याच्या तोंडावर वाईट म्हणतोस. मी त्याला माझ्या इंग्रजीत चार शब्द सुनावणार इतक्यात माझं लक्ष ह्यांच्याकडे गेलं. हे हसत होते. फार दिवसांनी दात दिसतील असं हसत होते.

"किती वेळ बघितलं त्याने," हे मला म्हणाले. "बघितलंस ना तू? खालून बघितलं." मग एकदम गंभीर होऊन विचारलं, "तुला कसे वाटतात दिवे? छान म्हणू नकोस."

मला लाज वाटली. अकरा वर्षं दर रविवारी मी त्या गाडीला छान म्हटलं होतं आणि तिला नीट अशी एकदाही बघितली नव्हती. मी चष्मा लावला. त्या ओल्या फरशीवर, वाउटच्या शेजारी, माझे गुडघे कुरकुरत असताना खाली बसले आणि बघितलं. कड अशी मऊ, की लाकूड आहे हे विसरायला व्हावं. एक एक वळण किती वेळा घासलं असेल या माणसाने, शेजारच्या खोलीत, आणि मी भाजी निवडत होते.

"सांग," हे म्हणाले.

"तिरळी दिसते," मी म्हटलं. "दिवे अजून लांब हवेत. बोटभर तरी."

हे माझ्याकडे असे बघायला लागले, जसे लग्नाआधी कांदेपोह्यांच्या वेळी बघायला हवं होतं आणि लाजून बघितलं नव्हतं. मग त्यांनी हात पुढे केला. वाउटने न विचारता कानामागची पेन्सिल काढून त्यांच्या हातात ठेवली, आणि आमच्या ह्यांनी नऊ वर्षं घासून गुळगुळीत केलेल्या त्या दिव्यांवर, एकेक करून, काट मारली.